अर्धी केलेली गोळी

"डॉक्टर, ही गोळी आता लागू पडत नाही. डोस वाढवा, नाहीतर दुसरी द्या," असं म्हणत काकांनी पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल ४० ची स्ट्रिप टेबलावर ठेवली. एका खळग्यात अर्धीच गोळी होती, वरचा चंदेरी कागद जपून दुमडलेला.

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, रात्री ठसका. कित्येक महिन्यांचं दुखणं. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच यातलं काही नव्हतं. असतं तर गोळीचा विषय बाजूला ठेवून आधी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतली तपासणी, सांगितली असती.

"गोळी कधी घेता?" रात्री जेवून, आडवं होताना. मोठी वाटते म्हणून मोडून, अर्धी आज, अर्धी उद्या. बरं वाटलं तर तीही नाही. औषध बिचारं काम करणार तरी कसं?

पॅन्टोप्राझोल आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीला आवरण असतं, ते आतड्यात गेल्यावर विरघळतं आणि औषध रक्तावाटे, म्हणजे मागच्या दाराने, जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं. गोळी मोडली की उघड्या पडलेल्या बाजूने औषध जठरातच नासायला लागतं.

वेळेचं गणित त्याहून नाजूक. हे औषध त्या पेशींमधल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना कायमचं निकामी करतं, पण फक्त चालू असलेल्यांना. पंप चालू होतात खाण्याने, आणि रात्रभराच्या उपासानंतर सकाळच्या खाण्याला सगळ्यात जास्त. औषध रक्तात टिकतं जेमतेम काही तास. झोपताना घेतली तर बरेचसे पंप बंदच असतात. शिवाय शरीर रोज नवे पंप बनवतं, त्यामुळे पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस सलग गोळी लागते. जळजळ झाली की घ्यायचं हे औषध नव्हे. तेवढ्यापुरतं अँटासिडचं सिरप बरं.

डोस मी वाढवला नाही. तीच ४० मिलिग्रॅम, अख्खी, पाण्याबरोबर, नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं, रोज, ८ आठवडे. जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर वर, पलंगाच्या त्याच बाजूच्या पायांखाली ठोकळे लावून. उशा रचू नका म्हटलं, त्यांनी पोट दुमडतं आणि पाणी उलट जास्त वर येतं.

दोन आठवड्यांनी काका खूश. "आता बंद करू?" नाही. मुदत पुरी करायची, आणि नंतरही एकदम तोडायची नाही. आम्ल दाबलं गेलं की गॅस्ट्रिन, म्हणजे जठराला आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक, वाढतं. गोळी अचानक थांबली की पोट पूर्वीपेक्षा जास्त आम्ल सोडतं आणि रोगी म्हणतो, गोळीशिवाय चालतच नाही. मी आधी २० वर आणतो, मग दिवसाआड, मग बंद. अन्ननलिकेला मोठी जखम असेल किंवा रक्त पातळ करणारी, वेदनाशामक औषधं कायमची चालू असतील, तर बंद करण्याचा हा हिशेब लागू नाही. काकांना तसं काही नव्हतं. थांबवल्यावर दोन आठवडे जळजळ डोकावली तर जेवणानंतर अल्जिनेटचं (पोटातल्या अन्नावर थर धरून आम्ल वर येऊ न देणारं) सिरप घ्या, त्यापुढेही राहिली तर या, एवढं चिठ्ठीवर लिहून दिलं.