पिकअप गेलाय? आधी एअर फिल्टर बघा

गाडीचा पिकअप गेला की लोक डायरेक्ट इंजिन खोलायच्या गोष्टी करतात, तसं करू नका राव. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात धूळ एवढी की एअर फिल्टर चोंदतो, अन् एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तीच मिळाली नाही तर गाडी पळणार कशी? माझी गाडी पुणे रोडला ट्रक ओव्हरटेक करताना उचलतच नव्हती, फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जायची ते ठरवणारा भाग) साफ केली, लगेच फरक पडला. पण आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढतोय अन् स्पीड वाढत नाही असं असेल तर बहुतेक क्लच प्लेट घसरतीय, तिथं फिल्टरचा काही उपयोग नाही. चेक इंजिनचा लाइट लागला असेल तर मेकॅनिकला आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्ट वाचणारं मशीन) लावायला सांगा, मगच पार्ट बदला.