खालची बाजू

दुपारी एका आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी गुडघे टेकून बसले होते. जाणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारलं, "काही हरवलंय का?" म्हटलं, "नाही, बुरशी बघतेय." त्यानंतर त्या जरा लांबूनच गेल्या.

मेलेल्या लाकडावर फळीसारखी वाढणारी ही भूछत्रं वरून बघणाऱ्याला हमखास बनवतात. नक्षीदार पट्ट्यांचा पंखा दिसला की मी बिनधास्त 'ट्रॅमेटीस' म्हणायचे. एकदा एक पंखा उलटून पाहिला तर खाली सगळं गुळगुळीत, एकही छिद्र नाही. ते निघालं स्टेरियम! खऱ्या ट्रॅमेटीस व्हर्सिकलरला खाली मिलिमीटरभरात 3 ते 5 छिद्रं असतात. तेव्हापासून मी खिशात भिंग आणि एक छोटा आरसा बाळगते. आरसा खाली सरकवला की काम होतं. नावासाठी तोडायचं माझ्या जिवावर येतं.

लहानपणी मात्र असलं काही नव्हतं. घरामागच्या बुंध्यावर ताटाएवढी एक फळी होती, खालून पांढरीशुभ्र. नखाने ओरखडलं की तिथे लगेच तपकिरी रेघ उमटायची. गॅनोडर्मा अ‍ॅप्लॅनेटम हे नाव फार नंतर कळलं. आमच्यासाठी ती झाडाची पाटी. दादाने जमिनीवर उताणं पडून तिच्यावर लिहिलं, 'इथे कोणी लिहु नये'. हु ऱ्हस्व! मी चूक दाखवली, त्याने खोडायला नख घासलं, आणि तिथे एक मोठा तपकिरी डाग पडला. ही पाटी पुसता येत नाही. पुढच्या मोसमात छिद्रांचा नवा थर चढला आणि ते सगळं आत गाडलं गेलं. दादा सुटला.

आजच्या ओंडक्यावर गंमत होती. जुनी फळी भिंतीसारखी उभी, आणि तिच्याच कडेतून फुटलेली नवी फळी काटकोनात, जमिनीला समांतर. बीजाणू नळ्यांमधून सरळ खाली पडायला हवेत, त्यामुळे झाड आडवं झालं की नवी वाढ तेवढी वळते. म्हणजे पहिली फळी झाड उभं असतानाची, दुसरी पडल्यानंतरची. आसपासच्या पानांवर तपकिरी भुकटी साचलेली.

गॅनोडर्माच असणार. पण खात्री करायची तर एक रेघ ओढायला हवी. हात खाली घातला, चाचपडत नख टेकवलं.

रेघेवर थांबवेना. 'लिहू' लिहिलं. आरशात उलटं दिसत होतं, पण दीर्घ होतं.