आमची वाटचाल : छपरावरची अठरा वर्षं

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या परिसरात एसी आणि हीट पंप बसवायचे, दुरुस्त करायचे, हे आमच्या फर्मचं काम. छपरावर चढताना आमच्याकडे एक नियम आहे. टूलबॅग आधी वर नेऊन ठेवायची नाही, माणसाबरोबरच न्यायची. जुलैत दहा मिनिटं पाना उन्हात राहिला तर तो हातात धरवत नाही. नवीन पोरं हा नियम एकदाच मोडतात.

मी भुसावळचा. मे महिन्यात दार लावून, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून पडून राहणाऱ्या गावचा. त्यामुळे फिनिक्सला आल्यावर लोक उन्हाच्या गोष्टी सांगायचे तेव्हा मी मिशीत हसायचो. 2023 मध्ये 30 जूनपासून ओळीने 31 दिवस दुपारचा पारा 110 फॅरनहाइटच्या खाली थांबला नाही, म्हणजे आपल्या भाषेत 43. त्यानंतर हसणं बंद केलं. आमच्याकडे निदान गच्चीवर पाणी मारून रात्री झोपता येतं. इथे रात्रीही भिंतीला हात लावला की गरम लागतो.

भारतातल्या मित्रांना हीट पंप म्हटलं की गिझर आठवतो. इथे तो एसीच. एक झडप फिरली की हिवाळ्यात उलटा चालतो आणि घर गरम करतो.

2001 साली बायकोच्या नोकरीमागे फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला आलो. डिपेंडंट व्हिसा, काम करायची परवानगी नाही. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा कोर्स झालेला, नाशिकला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सहा वर्षं काढलेली, आणि इथे चार वर्षं मी पोळ्या लाटल्या. पोळ्या चांगल्या जमायला लागल्या, तो भाग वेगळा. 2005 ला ग्रीन कार्ड हातात पडलं आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या मेसा शहरातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलो.

ह्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलं नाही तर ही वाटचाल खोटी ठरेल. त्यांच्याकडे हवेचा दाब मोजायचा एक मॅग्नेहेलिक गेज होता, तळहातापेक्षा जरा मोठा, गोल डायलचा, काचेला तडा गेलेला. त्याला दोन रबरी नळ्या. डक्टला, म्हणजे हवेच्या वाहिनीला, ड्रिलने बारीक भोक पाडायचं, एक नळी रिटर्नच्या बाजूला (घरातली हवा मशीनकडे नेणारी वाहिनी), दुसरी सप्लायच्या (गार हवा घरात सोडणारी), आणि काटा बघायचा. हा दाब पाण्याच्या इंचांत मोजतात, आणि बहुतेक मशीनना अर्धा इंच प्रेशर चालतं. काटा त्याच्या पुढे गेला की म्हातारा मान हलवून म्हणायचा, "याला दमा आहे." मशीनचं झाकण नंतर उघडायचा. आजकाल फोनला जोडायचे डिजिटल मॅनोमीटर मिळतात, आमच्याकडे तीन आहेत, पण तो डायलवाला अजून माझ्या सीटखाली गुंडाळलेला असतो. दरवर्षी नव्यांशी ताडून बघतो. अजून खोटं बोललेला नाही.

2007 ला आम्ही दोघांनी फर्म काढली. लायसन्स त्यांच्या नावावर, पैसे माझे, आणि दोघांत एक पांढरी व्हॅन, जिचा स्वतःचा एसी चालत नव्हता. गिऱ्हाईक बघून हसायचं.

मुहूर्त म्हणाल तर असा निघाला की कोणा ज्योतिषाला विचारला असता तर त्याने फी परत केली असती. फिनिक्समध्ये घरांच्या किमती 2006 मध्ये शिखरावर होत्या. त्या तिथून निम्म्याच्याही खाली जाणार आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. क्वीन क्रीकच्या बाजूला एका बिल्डरच्या नवीन वसाहतीत सबकॉन्ट्रॅक्ट मिळालं. स्प्लिट सिस्टिम, म्हणजे दोन भागांचा एसी: हवा गार करणारा एअर हँडलर माळ्यावर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बाहेर कट्ट्यावर. अकरा घरं पूर्ण केली. नळ्यांचे जोड झाळताना आत नायट्रोजन सोडून, मग नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या खाली नेऊन, एकही लीक नाही. माळ्यावर दुपारी 150 फॅरनहाइट असतं म्हणून पहाटे चारला जायचो. बिल यायच्या वेळेला बिल्डरचं ऑफिस बंद. फोन वाजतोय, उचलत कुणी नाही. थोड्या दिवसांनी दिवाळखोरीचं पाकीट आलं.

चौसष्ट हजार डॉलर. आकडा आजही अक्षरीच लिहितो, म्हणजे हात मुद्दाम सावकाश चालतो.

आता एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. ॲरिझोनात सबकॉन्ट्रॅक्टवर काम घेतलं की काम सुरू केल्यापासून 20 दिवसांत प्राथमिक नोटीस पाठवायची असते. ती पाठवली तर घरावर बोजा चढवता येतो. आम्ही पाठवली नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आपल्यात कशाला कागद?" आणि मला तो आपलेपणा वाटला. परदेशात कुणी "आपल्यात" म्हटलं की माणूस विरघळतो. म्हाताऱ्याला नोटिशीचं माहीत होतं, पण कागदपत्रं माझ्याकडे होती. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्याने भागलं नाही. अकरा घरांपैकी चार विकली गेली नाहीत, रिकामी पडली. रात्री चोर आले, कंडेन्सर उघडून तांब्याच्या कॉइल कापून घेऊन गेले. सकाळी जाऊन बघतो तर आमच्या हाताने जोडलेल्या नळ्या करवतीने कापलेल्या, आणि कट्ट्यावर रिकामे पत्र्याचे डबे. पैसे मिळालेले नव्हते, म्हणजे एका अर्थी मशीन अजून आमचीच होती. डीलरने उधारी बंद केली. त्या रात्री बायको म्हणाली, "तू पुन्हा घरी बसलास तरी मला चालेल." तिने धीर द्यायला म्हटलं होतं. मला ते अजून टोचतं.

वर काढलं ते चोरांनीच. बँकांच्या ताब्यात रिकामी घरं आली होती, ती विकायची तर एसी हवा, आणि एसी बसवला की पुन्हा चोरी. म्हाताऱ्याच्या डोक्यातून निघालं की मशीनबरोबर पिंजराही विकायचा. लोखंडी पट्ट्या वेल्ड करून, काँक्रीटमध्ये बोल्ट मारून, कुलूप लावायचं. 2009 चा अख्खा उन्हाळा आम्ही पिंजरे बनवले. त्यात हवेला वाट ठेवावी लागते. कुणी कुणी जाळी इतकी जवळ लावली की कंडेन्सरचा जीव गुदमरला.

त्याच वर्षी बाई भेटल्या. मेसात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, म्हणून मी मनात त्यांना बाईच म्हणतो, शाळेतल्यासारखं. जुनं बैठं घर, छपरावर पॅकेज युनिट (सगळा एसी एकाच डब्यात), मागे दोन ग्रेपफ्रूटची झाडं. त्यांच्या जुन्या मशीनमध्ये आर-22 हा जुना गॅस होता आणि कॉम्प्रेसर बंद पडला होता. साडेतीन टनाचं, 410ए गॅसवर चालणारं नवीन मशीन ठरलं. आमच्याकडे ते उचलायलाही पैसे नव्हते, हे त्यांना कसं कळलं माहीत नाही. त्यांनी पूर्ण रकमेचा चेक आधीच लिहिला. "मी तीस वर्षं मुलांचे खोटे बहाणे ऐकले आहेत," त्या म्हणाल्या, "तुम्ही बहाणे करत नाही आहात." दरवर्षी हिवाळ्यात त्या ग्रेपफ्रूटची पिशवी पाठवतात. मला ते फळ आवडत नाही. घरी सगळे खातात.

2010 ते 2018 बरं चाललं. चार व्हॅन झाल्या. म्हातारे 2016 ला गेले, त्याआधीच लायसन्सची परीक्षा मी दिली होती.

आता आमच्याकडच्या एका पोराबद्दल. नाव घेणार नाही, त्याला फुकट जाहिरात कशाला? आमच्याकडेच हेल्पर म्हणून आला होता. त्याला पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं. 2019 ला एका शुक्रवारी गेला आणि सोमवारी त्याच्या नावाची व्हॅन रस्त्यावर होती. जाताना गिऱ्हाइकांची यादी नेली, आणि आमचा एक व्हॅक्यूम पंपही. पुढे त्याची कंपनी बाहेरच्या पैसेवाल्यांनी विकत घेतली. आता तिथे मेकॅनिक कमी आणि विक्रेते जास्त. विक्रेत्याला मशीनच्या किमतीवर कमिशन मिळतं, हे एवढं समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं.

2025 च्या जुलैत असा एक विक्रेता "मोफत तपासणी" म्हणून बाईंच्या दारात आला. मागच्या खोलीत दुपारी चारला तापमान 84 फॅरनहाइटच्या खाली जात नाही, अशी त्यांची तक्रार होतीच. त्याने सांगितलं, मशीन लहान पडतंय, पाच टन हवं. 410ए वर बंदी आलीये, आता गॅस मिळणार नाही. आणि 31 डिसेंबरच्या आत बसवलं नाही तर 2000 डॉलरची करसवलत गेली. बाई 81 वर्षांच्या. सही केली. मग रात्री मला फोन केला, चोरी केलेल्या मुलासारख्या आवाजात.

ह्यातलं खरं किती? बंदी 410ए वर चालणाऱ्या नव्या घरगुती मशीनच्या उत्पादनावर आली, 1 जानेवारी 2025 पासून. जुन्या मशीनसाठी गॅस मिळतो. उलट त्या उन्हाळ्यात टंचाई होती ती 410ए च्या जागी आलेल्या नव्या 454बी गॅसच्या सिलिंडरची. करसवलतीची तारीख खरी होती, पण ती प्रत्येक मशीनला मिळत नव्हती, हे वाक्य तो गाळून गेला. घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतो. बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं. त्यातल्या स्पेलिंगला नाव ठेवायची त्या कंपनीची हिंमत नसणार.

मी गेलो, सीटखालचा मॅग्नेहेलिक काढला, भोकं पाडली. काटा 0.9 वर. मशीनला दमा. ह्या डक्टवर पाच टन बसवलं असतं तर नाकाला चिमटा लावून पळायला सांगितल्यासारखं झालं असतं. घराचा हिशेब मांडला, खिडक्या, पश्चिमेची भिंत, छपराखालचं इन्सुलेशन. ताशी 34,000 बीटीयू आला (एक टन म्हणजे ताशी 12,000). मशीनवर लिहिलेले टन बाहेर 95 फॅरनहाइट असताना मोजलेले असतात. 115 ला तेच मशीन दहा टक्क्यांच्या आसपास कमी देतं आणि वीज जास्त खातं. ते धरूनही साडेतीन टन पुरत होतं. कमी पडत होता तो रिटर्न.

मशीन मात्र खरंच जायला टेकलं होतं, हेही सांगितलं. सोळा वर्षं इथल्या छपरावर म्हणजे पुष्कळ. मोटरला जोर देणारा कपॅसिटर 45 मायक्रोफॅरडचा 31 वर आलेला, तो बदलला, पण कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढत होता आणि उलटफेराची झडप आतून गळत होती. (ही झडप इथे सात महिने एकाच जागी बसून राहते आणि पहिल्या थंडीत अडकते. ऑक्टोबरात एकदा पाच मिनिटं हीट लावून बघत जा. तेव्हा मेकॅनिक मोकळा असतो.)

सप्टेंबरात पहाटे साडेपाचला क्रेन आली. जुन्या मशीनखाली कबुतरांची तीन घरटी निघाली. जुना कर्ब, म्हणजे मशीनखालची चौकट, नव्या मशीनला बसत नव्हता, म्हणून ॲडॉप्टर आधीच बनवून घेतला होता. हे आधी मोजलं नाही तर क्रेन हवेत थांबते आणि तिचं मीटर चालू राहतं. मागच्या खोलीत दुसरा रिटर्न काढला, 14 इंची डक्टने. नवीन मशीन सुरू केलं, नळ्या लावल्या, काटा 0.5 वर येऊन थांबला. चार वाजता मागच्या खोलीत 77.

जुनं मशीन भंगारात द्यायच्या आधी इलेक्ट्रिकल पॅनेलचं झाकण काढलं. मेकॅनिक आतल्या बाजूला पहिल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवतात. म्हाताऱ्यांचं अक्षर, काळा मार्कर, मे 2009. व्होल्टेज, अँपिअर, तापमानाचा फरक, सगळं. शेवटच्या ओळीत प्रेशर 0.8, आणि पुढे इंग्रजीत दोन शब्द, रिटर्न लहान. त्यापुढे माझ्या नावाचं पहिलं अक्षर. म्हणजे मला सांगितलं होतं. तेव्हा डक्टच्या कामाला पैसे नव्हते, "नंतर करू" म्हटलं असणार. पुढे दरवर्षी त्या छपरावर गेलो, कॉइल धुतली, कपॅसिटर तपासला, ग्रेपफ्रूट घेऊन आलो. त्या पोराने आमच्याकडे काम करताना हे झाकण दहा वेळा तरी उघडलं असेल. त्यानेही वाचलं असेल.

दुसऱ्या रिटर्नचे पैसे बाईंकडून घेतले नाहीत. कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "गृहपाठ उशिरा दिला, पण दिला."

ते झाकण आता ऑफिसात भिंतीवर आहे. नव्या मशीनच्या आत माझ्या अक्षरात आकडे आहेत. व्हॅक्यूम पंप अजून परत यायचाय.