जुन्या ल्योंमधली पायपीट: ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्यातला एक स्वर

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जुन्या भागात भटकत मी फ्रेंच शिकते आहे. मागच्या नोंदीत ‘ला तूर’ म्हणजे बुरूज आणि ‘ल तूर’ म्हणजे फेरी हा लिंगभेद गुलाबी बुरुजाच्या अंगणात पक्का झाल्याचे लिहिले होते. त्याच उत्साहात मी या रविवारी र्‍यू (म्हणजे रस्ता) ज्विव्हरीवरच्या ८ क्रमांकाच्या वाड्यात, म्हणजे ओतेल ब्युल्यूमध्ये, शिरले आणि तिथे एका स्वराने मला अडवले.

या वाड्यातला सज्जा वास्तुकार फिलिबेर दलॉर्म याने १५३६ मध्ये बांधला. अंगणातली जागा न अडवता दोन इमारती जोडायच्या असल्यामुळे त्याने सज्ज्याच्या टोकांचे छोटे बुरूज भिंतीतून बाहेर झेपावणाऱ्या ‘त्रोंप’ नावाच्या दगडी आधारांवर तोलले. तिथे राहणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी घरून घोकून नेलेला प्रश्न विचारला, की इथे सर्वांत पाहण्यासारखे काय आहे. उत्तरातला ‘ओ-दसू’ एवढाच शब्द मला पकडता आला, म्हणून मी बराच वेळ मान वर करून छप्पर पाहत राहिले. शेवटी त्या परत आल्या, माझ्या कोपराला हलकेच धरून त्यांनी मला दोन पावले मागे घेतले आणि तळहाताने सज्ज्याच्या पोटाकडे खूण केली. एकात एक वळवून बसवलेले ते दगड तेव्हा कुठे माझ्या नजरेस पडले.

फ्रेंचमध्ये ‘वर’ (dessus) आणि ‘खाली’ (dessous) या दोन शब्दांत शेवटच्या स्वराचाच फरक आहे आणि माझ्या वहीत दोन्ही ‘दसू’ असेच लिहिलेले होते. आपण बरेचजण ‘वर’साठी ‘दस्यू’ लिहितो, पण माझ्या मते हीच सवय घातक आहे, कारण त्या ‘य’मुळे जीभ घसरते आणि मूळ स्वरात तशी घसरण मुळीच नाही. फोनवरच्या श्रुतलेखनावरही मी फार विसंबले होते. पूर्ण वाक्य बोलले की ते संदर्भावरून योग्य शब्द टंकते, त्यामुळे माझा चुकीचा स्वर महिनाभर खपून गेला. एकटा शब्द उच्चारला तेव्हा मात्र दर वेळी ‘खाली’च उमटले. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणे हेच साधन मला आता खरे वाटते.

गुरुवारी रात्री गाठ सुटली. लांब ‘ई’ म्हणायची, जिभेचे टोक खालच्या दातांना टेकलेलेच ठेवायचे आणि जीभ तसूभरही न हलवता ओठ फुंकर घालताना होतात तसे गोल करायचे. ‘खाली’चा स्वर आपला नेहमीचा ‘ऊ’च आहे, त्याला काही करावे लागत नाही. घशातल्या ‘र’मुळे ‘र्‍यू’ अवघड जातो, म्हणून सुरुवात ‘तू’च्या फ्रेंच जोडीदारापासून (tu) करावी. वहीत आता मी या स्वरासाठी ‘ई’ लिहून तिच्याभोवती वर्तुळ काढते: अक्षर म्हणजे जीभ, वर्तुळ म्हणजे ओठ.

शनिवारी र्‍यू सँ-जाँवरच्या ५४ क्रमांकाच्या दारातून ट्राबूलमध्ये, म्हणजे इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणाऱ्या बोळात, शिरले. पलीकडे र्‍यू द्यू बफच्या २७ क्रमांकाला बाहेर पडणारा हा या भागातला सर्वांत लांब ट्राबूल. वाटेत भेटलेल्या गृहस्थांना मी रस्त्याचे नाव घेऊन विचारले, तर त्यांनी इंग्रजीकडे न वळता फ्रेंचमध्येच उत्तर दिले. तो क्षण मी बाहेर पडेपर्यंत मनात घोळवत होते. आत लोक राहतात, म्हणून तिथे ध्वनिमुद्रण मी केले नाही आणि आपणही करू नये.

पुढच्या रविवारी सँ-जाँ कॅथेड्रलचे खगोलीय घड्याळ पाहायचे ठरले होते, पण हे लिहितानाच बेत बदलते आहे. क्र्वा-रूस टेकडीच्या उतारावर कूर दे व्होरास नावाचे अंगण आहे, सहा मजली उघड्या जिन्याचा, आणि त्याला प्लास कोल्बेर, माँते सँ-सेबास्तियाँ आणि र्‍यू ॲम्बेर-कोलोमेस अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून वाटा आहेत. कोणते दार ‘वर’ आणि कोणते ‘खाली’, हे प्रत्येक वाटेवर एकेका माणसाला विचारायचे आणि उत्तर ऐकल्याबरोबर बोट दाखवून खात्री करून घ्यायची. घड्याळ त्यानंतरच्या रविवारी.