नवीन मेनसेल: माप, कापड आणि पहिलं ट्रिम (शिडाची जुळवणी)

आमच्या तीस फुटी स्लूपचं (एका डोलकाठीच्या शिडाच्या होडीचं) जुनं मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, कुठे फाटलं नव्हतं. पण कापड ताणलं जाऊन त्याचा फुगवटा लीचकडे, म्हणजे शिडाच्या मागच्या कडेकडे, सरकला होता. बारा नॉटच्या वाऱ्यातच होडी फार कलायची आणि सुकाणू जोर लावून धरावं लागायचं. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) कितीही ताणलं तरी फुगवटा पुढे येईना, तेव्हा नवीन शीड शिवायला दिलं.

माप जुन्या शिडावरून घेऊ नये, डोलकाठीवरूनच घ्यावं. स्टीलची टेप हॅलयार्डच्या शॅकलला (टोकाच्या कडीला) बांधून वर चढवली. शॅकलला खाली ओढायची वेगळी दोरी हवीच, नाहीतर हॅलयार्ड वरच राहतं. लफ (डोलकाठीलगतची पुढची कड) 10.5 मीटर, फूट (खालची कड) 3.2 मीटर. टॅकची (शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याची) पिन डोलकाठीच्या किती मागे आहे, हेही लिहून दिलं. हा आकडा चुकला तर त्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत.

लॅमिनेट (थर चिकटवून केलेलं कापड) आकार छान धरतं, पण मुंबईच्या उन्हात आणि दमट हवेत त्याचे थर सुटतात, आत बुरशी येते. म्हणून क्रॉसकट डेक्रॉन (आडव्या पट्ट्या जोडून शिवलेलं पॉलिएस्टर), चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅमचं. बॅटन (शिडाला आकार देणाऱ्या सपाट पट्ट्या) वरच्या दोन पूर्ण लांबीच्या, खालच्या दोन आखूड. चारही पूर्ण घेतल्या की स्लाइडवर (शीड डोलकाठीला धरणाऱ्या सरकत्या तुकड्यांवर) दाब येतो आणि डोलकाठीच्या साध्या खाचेत शीड चढता-उतरता अडकतं.

पहिल्यांदा चढवलं तेव्हा लफवरच्या आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील इतकंच हॅलयार्ड ताणलं. लफलगत उभी घडी दिसली तर ताण जास्त झालाय. मग मेनशीट (बूम आत-बाहेर ओढायची दोरी): वरची बॅटन बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, समांतर आणि तिच्या टोकाची टेलटेल (वारा दाखवणारी हलकी फीत) निम्मा वेळ सरळ मागे, निम्मा वेळ शिडाआड. ती सतत आडच राहिली तर शीट थोडी सैल सोडावी. शिडाचा पीळ (वरचा भाग खालच्यापेक्षा किती उघडतो ते) शीटने ठरतो, शिडाचा कोन ट्रॅव्हलरने (शीटचं खालचं टोक आडवं सरकवणाऱ्या गाड्याने). या दोन्हींची गल्लत झाली की बाकीचं ट्रिम वाया जातं.

दुपारी वायव्येचा वारा वाढला की आधी आउटहॉल (शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमवर मागे ओढणारी दोरी) ताणून शिडाचा खालचा भाग सपाट करतो, मग ट्रॅव्हलर वाऱ्याच्या खालच्या बाजूला सोडतो. तरी होडी कलतेच असेल तर पहिला रीफ, म्हणजे शीड खालून दुमडून लहान करणं. लीचची दोरी फडफड थांबेपर्यंतच ओढायची. त्यापुढे कड आत वळते आणि सुकाणूवर पुन्हा तोच जोर येतो.