अण्णांच्या चिमूटभर अस्थी : माझा अनुभव

माझे वडील, अण्णा, साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवत. 1986 साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यांनी आमच्या वर्गाला पहाटेच्या अंधारात अजिंक्यताऱ्यावर नेले होते. नोव्हेंबर 2013 मध्ये मंगळयानाचे उड्डाण टीव्हीवर पाहून ते आणि आई माझ्याकडे न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला आले आणि फेब्रुवारीत, माझ्याच घरी, हृदयविकाराच्या झटक्याने अण्णा गेले.

त्याआधी महिनाभर आम्ही लास क्रूसेसला जाऊन आलो होतो. प्लूटोचा शोध लावणारे क्लाइड टॉम्बॉ त्या गावात राहत असत आणि त्यांच्या अस्थींचा थोडा अंश घेऊन न्यू होरायझन्स हे यान 2006 पासून प्लूटोच्या वाटेवर होते. परतताना अण्णा गाडीत म्हणाले, "मला प्लूटो नको, पण चिमूटभर वर पाठवता आलं तर बघ." आईने त्यांना भलतेसलते बोलू नका म्हणून दटावले. ते वाक्य दिवस झाल्यावर आईनेच मला आठवण करून दिले.

इथल्या दहनानंतर अस्थी आपल्याकडच्यासारख्या वेचून मिळत नाहीत. हाडांचीही पूड करून सगळी रक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत, क्रमांकाच्या धातूच्या चकतीसह, खोक्यात घालून देतात. आमचे खोके दोन-अडीच किलोचे होते. ते साताऱ्याला न्यायचे म्हणजे मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, अण्णांचा रद्द केलेला पासपोर्ट आणि ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचे ना-हरकत पत्र हवे होते. दहनाच्या दाखल्यावर अण्णांच्या नावात एक अक्षर चुकले होते आणि ती दुरुस्ती करून घेण्यात नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत आई रोज त्या खोक्यापुढे बसत असे. ज्यांना हे कधी करावे लागेल, त्यांनी दाखला हातात पडताच पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा, आणि खोके धातूचे घेऊ नये, कारण विमानतळावर ते क्ष-किरणांतून आरपार दिसावे लागते.

अंतराळात अस्थी पाठवण्याची सेवा देणारी कंपनी शोधणे त्या मानाने सोपे होते. 1997 पासून अशी उड्डाणे होत आहेत. पृथ्वीच्या कक्षेत पाठवता येते, चंद्रावर पाठवता येते, आणि सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे अंतराळाच्या सीमेपलीकडे जाऊन काही मिनिटांत परत येणारे छोटे रॉकेट. कक्षेत गेलेली कुपी पुढे कधीतरी वातावरणात जळून जाते. छोट्या रॉकेटमधली मात्र घरी परत मिळते. आम्ही परत येणारा मार्ग निवडला आणि त्याचे कारण केवळ पैसे नव्हते. काकांनी फोनवर स्पष्ट सांगितले होते की अस्थींना शेवटी पाणी लागलेच पाहिजे. गुरुजींनीही तेच सांगितले. थोडा अंश काशीला आणि बाकीच्या अस्थी गावच्या नदीत, असे लोक करतातच, तेव्हा वेगळा काढायला हरकत नाही, पण विसर्जन चुकवू नका. उड्डाण अयशस्वी होऊ शकते, हेही आम्ही आईला सांगितले. 2008 मध्ये फाल्कन-1 हे रॉकेट कोसळले तेव्हा त्यात 208 जणांच्या अस्थी होत्या. आई म्हणाली, "समुद्रात पडल्या तर तेही पाणीच."

करारावर सही करताना वारस म्हणून माझ्याबरोबर आईची आणि दादाची संमती घेतली. मग टपालाने एक छोटी डबी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरे फडके अंथरून आईने स्वतःच्या हाताने एक ग्रॅम रक्षा तीत भरली. ती राखाडी आणि बारीक रव्यासारखी रवाळ होती. डबीत दुसरे काही घालू नये अशी सूचना असल्यामुळे तुळशीचे पान तिने बाजूला ठेवले. खासगी कुरियर अस्थी घेत नाहीत, म्हणून डबी सरकारी टपालानेच पाठवली. कुपीवर कोरायला मोजकीच अक्षरे मिळतात. आम्ही नाव आणि "सातारा" एवढेच दिले. मार्चमध्ये आई आणि दादा बाकीच्या अस्थी घेऊन गेले आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमात त्यांचे विसर्जन झाले.

24 सप्टेंबरला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि अण्णांना ते पाहायला मिळाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आमचे उड्डाण 23 ऑक्टोबर 2014 रोजी सकाळी न्यू मेक्सिकोतल्याच 'स्पेसपोर्ट अमेरिका' या रॉकेटतळावरून झाले. आम्ही आदल्या रात्री ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस या गावी मुक्काम केला आणि पहाटे वाळवंटातून तिकडे गेलो. त्या दिवशी लक्ष्मीपूजनाची अमावास्या होती. वर्षाच्या आत असल्याने आमच्याकडे दिवाळी नव्हतीच. साताऱ्यात दिवेलागण झाली होती आणि आई फोनवर होती. ती म्हणाली, "आज पितरांना उल्का, म्हणजे पेटती चूड, दाखवतात, वाट दिसावी म्हणून." जेमतेम 6 मीटर लांबीचे ते रॉकेट इतक्या वेगाने सुटले की आवाज पोहोचेपर्यंत धुराची एक सरळ रेघच उरली होती. मी आईला "गेले" एवढेच सांगू शकले. ते सुमारे 124 किलोमीटर उंच गेले आणि पॅराशूटने व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रात उतरले. दुपारी घरी परतताना सूर्याला खंडग्रास ग्रहण लागले होते. अण्णांनी आणलेल्या ग्रहणाच्या चष्म्यातून माझ्या मुलीने रस्त्याकडेला गाडी थांबवून ते पाहिले.

काही महिन्यांनी प्रमाणपत्रासह कुपी परत आली, बोटाच्या पेराएवढी. मे महिन्यात मी ती साताऱ्याला नेली. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून आईने ती फडक्यात गुंडाळून अंगणातल्या आंब्याच्या फांदीला बांधली. दुसऱ्या दिवशी माहुलीच्या घाटावर दादाने पकडीने टोपण काढले. उन्हाळ्याने नदी आटलेली होती, घोट्याएवढे पाणी होते. आईने तळहातावर ती चिमूट घेतली आणि हात पाण्याखाली उघडला. रिकामी कुपी तिने धुऊन, पदराने पुसून, अण्णांच्या दुर्बिणीच्या पेटीत ठेवली.