लाल अंगरख्याचे दहा गुण

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्याकडे येणारी बहुतेक कामे एकाच साच्याची असतात. एखाद्या कंपनीच्या उपाहारगृहात किंवा गृहसंकुलाच्या सभागृहात नाताळची मेजवानी असते, जेवणापूर्वी तासभर लोकांना गुंतवून ठेवायचे असते आणि त्यासाठी प्रश्नमंजुषा घेणारा माणूस हवा असतो. हा तास कसा जातो याची कल्पना कोणालाही करता येईल. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ते एवढेच की स्टार्टर्सची ताटे नेमकी केव्हा फिरू लागणार हे मी आयोजकांना सर्वांत आधी विचारतो, कारण पनीर टिक्का समोर आल्यानंतर विचारलेला प्रश्न वाया जातो. शिवाय एकाच विभागाची माणसे एका संघात बसवू नका, असे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी त्याकडे दुर्लक्ष होते. हिंजवडीतील एका कंपनीत ते ऐकले गेले असते, तर पुढचा वाद विभागाच्या अब्रूपर्यंत गेला नसता.

नाताळ हा विषय वरवर सोपा वाटतो. प्रश्न रचणाऱ्यासाठी मात्र तो अत्यंत निसरडा आहे, कारण त्याविषयी जे सर्वांना ‘माहीत’ असते, त्यातले बरेचसे ऐकीव असते. येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे सर्वांना माहीत असतात, पण मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांची संख्याही दिलेली नाही आणि ते राजे होते असेही म्हटलेले नाही. तीन आहेत त्या भेटवस्तू, म्हणजे सोने, ऊद आणि गंधरस. ‘जिंगल बेल्स’ हे गाणे मुळात थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणासाठी लिहिले गेले, असे ठासून सांगितले जाते. ते १८५७ मध्ये वेगळ्याच शीर्षकाने प्रसिद्ध झाले, एवढे पक्के आहे. त्याच्या शब्दांत मात्र ना थँक्सगिव्हिंग आहे ना नाताळ. पट्ट्यापट्ट्यांची वाकडी साखरकांडी येशूच्या इंग्रजी आद्याक्षरावरून घडवली, ही कथा तर निव्वळ मागाहून चिकटवलेली आहे. त्यामुळे माझ्या प्रत्येक स्लाइडच्या खाली, फक्त मला दिसेल अशा जागी, दोन स्वतंत्र आधार नोंदवलेले असतात, आणि ज्या प्रश्नाला दुसरे उत्तर संभवते, तो प्रश्न कितीही गमतीदार असला तरी मी काढून टाकतो.

उरलेल्या प्रश्नांतही, ज्याला उत्तर ठाऊक नाही त्यालाही विचार करून तिथवर पोहोचता आले पाहिजे, असा माझा आग्रह असतो. उत्तर येते किंवा येत नाही एवढाच ज्याचा निकाल लागतो, तो प्रश्न परीक्षेत शोभतो. मेजवानीत त्याने अर्धे सभागृह मोबाइलकडे वळते. त्या दिवशीच्या प्रश्नांपैकी एकाचा मला विशेष अभिमान होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, ती १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली, आणि मराठीची थोरवी सांगणारी ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही ओवी याच काव्यातली. तर काव्य कोणते आणि कवी कोण? सभागृहात बहुसंख्य माणसे मराठी होती आणि ती ओवी कित्येकांनी मराठी भाषा दिनी मंचावरून म्हटलेली असणार. एका संघाने ज्ञानेश्वर लिहिले, दोघांनी तुकाराम. प्रश्नात इंग्रज हा शब्द मी ठळक अक्षरांत ठेवला होता. फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ एकाही चिठ्ठीवर नव्हते. याच मंडळींनी त्याआधी सांताच्या घसरगाडीच्या आठही रेनडिअरांची नावे बिनचूक लिहिली होती, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

शेवटची फेरी ‘कंपनीची फेरी’ असेल आणि ती मनुष्यबळ विभागाच्या व्यवस्थापक बाई स्वतः घेतील, हे मला मंचावर उभा असताना समजले. या फेरीसाठी सर्व कर्मचाऱ्यांना आठवडाभर आधी पन्नास ‘रंजक तथ्यांचे’ एक पत्रक ईमेलने पाठवले होते, हेही तेव्हाच समजले. पत्रकाची एक प्रत माझ्या हातात आली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न वाचायला सुरुवातही केली होती.

पहिले प्रश्न निर्वेध पार पडले. शेवटचा प्रश्न उरला तेव्हा डिझाइन विभागाचा संघ पेरोलच्या संघापेक्षा पाच गुणांनी पुढे होता आणि पहिल्या संघाला महाबळेश्वरच्या दोन रात्री मिळणार होत्या. बाईंनी विचारले : सांताक्लॉजच्या कपड्यांना लाल रंग कोणी दिला? चिठ्ठ्या गोळा झाल्या. पेरोलसह चार संघांनी कोका-कोला लिहिले होते आणि पत्रकातही तेच होते. डिझाइनच्या संघाने थॉमस नास्ट या अमेरिकी व्यंगचित्रकाराचे नाव लिहिले होते. बाईंनी पेरोलचे नाव विजेता म्हणून उच्चारताच डिझाइनच्या संघातील एक मुलगी उठली आणि म्हणाली, की कोका-कोलाच्या जाहिराती १९३१ मधल्या आहेत, नास्ट त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि नियमांनुसार निर्णय क्विझमास्टरने द्यावा.

वादग्रस्त प्रश्नाचा निर्णय क्विझमास्टरकडे राहील, हे वाक्य माझ्या पहिल्याच स्लाइडवर असते आणि तोपर्यंत ते कोणीही वाचत नाही. मी निर्णय दिला तो असा : कोका-कोला हे उत्तर चूक आहे. लाल अंगरख्यातला सांताक्लॉज ‘पक’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या १९०२ मधील मुखपृष्ठावर आहे, दुसऱ्या एका शीतपेयाच्या १९२३ मधील जाहिरातींतही आहे, आणि खुद्द कोका-कोला कंपनीही या रंगाचे श्रेय स्वतःकडे घेत नाही. नास्टने १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त सांताक्लॉज रेखाटून त्याला आजच्या रूपाजवळ आणले, हे खरे, पण लाल रंगाचा पहिला मान त्याला द्यावा एवढा पुरावा नाही, आणि ज्या संत निकोलसापासून ही सारी परंपरा निघाली, त्या बिशपची लाल वस्त्रांतील चित्रे तर या सर्वांहून जुनी आहेत. या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, म्हणून प्रश्न रद्द.

आक्षेप घेणाऱ्या मुलीला हा निर्णय मुळीच रुचला नाही, कारण तिला नास्टचे दहा गुण हवे होते. बाईंनी माझ्या कानाशी येऊन सुचवले, “सर, पार्टीच आहे ना, दोघांनाही दहा-दहा देऊन टाका.” गुण म्हणजे प्रसाद नव्हे, हे मनुष्यबळ विभागांना मला आजवर पटवून देता आलेले नाही. पेरोलच्या संघाचे कप्तान मात्र शांतपणे पुढे आले. पन्नाशीचे गृहस्थ, हातात पत्रकाची घडी घातलेली प्रत, तिच्यावर हायलायटरच्या खुणा. ते म्हणाले, “सर, पत्रक कंपनीचं, प्रश्न कंपनीचा, उत्तर पत्रकातलं. आमचं चुकलं कुठे, ते सांगा.”

मी रद्द झालेल्या प्रश्नाच्या जागी राखीव प्रश्न घेतला. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७ पासून दर नाताळला एक उंच स्प्रूस वृक्ष उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात ज्याच्या राजाला लंडनने आश्रय दिला होता, त्या देशाची राजधानी तो कृतज्ञतेने पाठवते. तर ते शहर कोणते? डिझाइनने ओस्लो लिहिले. पेरोलने ॲमस्टरडॅम लिहिले, आणि ते उत्तर चुकीचे असले तरी विचार करून काढलेले होते, कारण युद्धकाळात नेदरलंड्सचे राजघराणेही लंडनच्याच आश्रयाला होते. फक्त तिथे राजा नव्हता, राणी होती, आणि स्प्रूसची अरण्येही नव्हती. डिझाइनचा संघ पंधरा गुणांनी जिंकला. बक्षीस बाईंच्याच हस्ते दिले गेले.

निर्णय मी बदलला असता का, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे, आणि त्याचे उत्तर नाही असेच येते. असत्य विधानाला माइकवरून दहा गुण देणे मला जमणार नाही. तरीही कप्तानांच्या म्हणण्याला मला सरळ उत्तर सापडत नाही. अभ्यासासाठी जे दिले होते तेच विचारले गेले आणि त्यांनी ते चोख लिहिले. ‘पत्रकाबाहेरचेही ग्राह्य धरले जाईल’ असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पत्रकातले ग्राह्य धरले जाणार नाही, असे तर मुळीच नव्हते. ज्यांनी ते उघडूनही पाहिले नव्हते त्यांना त्याच्या चुकीचा तोटा झाला नाही, आणि ज्यांनी कुठूनतरी उचलून ते तयार केले त्यांना तर कशाचाच झाला नाही. कार्यालयाच्या कागदावर विश्वास ठेवणाऱ्यांचेच तेवढे महाबळेश्वर गेले. आता काम स्वीकारताना, सहभागी लोकांना आधी काही वाटून दिले असेल तर त्याची प्रत मला आठवडाभर अगोदर मिळावी, अशी अट मी लेखी घालतो. ती वाचून दोन आयोजकांनी दुसरा माणूस शोधला.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कप्तानांचा ईमेल आला. पन्नासपैकी खरे किती, असे त्यांनी विचारले होते, आणि त्या विचारण्यात उपहास नव्हता. मी ते पत्रक घेऊन बसलो. हेन्री कोल यांचे १८४३ मधील पहिले छापील नाताळकार्ड बरोबर होते. ‘सायलेंट नाइट’ १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे प्रथम गायले गेले, हेही बरोबर. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ च्या अंतराळवीरांनी यानातून ‘जिंगल बेल्स’ वाजवले, हे तर मी स्वतःही विचारतो. राजे, थँक्सगिव्हिंग आणि साखरकांडी यांवर काट मारली. न्यूटन नाताळच्या दिवशी जन्मला, या ओळीवर मी काहीच खूण केली नाही : इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या कॅलेंडरनुसार ती तारीख २५ डिसेंबर १६४२ आहे, आजच्या कॅलेंडरनुसार ४ जानेवारी १६४३, आणि प्रश्नात कॅलेंडरचे नाव घातले की तो प्रश्न निर्दोष होतो, असे समासात लिहून पाठवले.

त्यावर त्यांनी विचारले, की मग लाल अंगरख्याचा प्रश्न कसा विचारला असता तर तो निर्दोष झाला असता. मी लिहिले, की १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी सांताक्लॉज रंगवणारा चित्रकार कोण, एवढेच विचारायला हवे होते. त्याला हॅडन सनब्लॉम हे एकच उत्तर आहे, आणि ते नाव त्यांच्या पत्रकात, त्याच ओळीच्या शेवटी छापलेले होते.